नववी चिठी

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. दूध पावडरीचा, अडीच किलोचा. रंग उडालाय, बुडाला गंज चढलाय. आज माझ्यात स्क्रू आणि वायसर ठेवतात. पण एके काळी मला सगळे 'पेटी' म्हणायचे, आणि खरं सांगतो, तेव्हा मी जरा फुशारकीच मारायचो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवतं ते दोहातल्या अल मन्सूरा भागातल्या एका दुकानातलं फडताळ. तिथून कासमभाईंनी मला उचललं. ते दापोलीकडचे, इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपचे स्टोअरकीपर. बोलायला कमी, आणि कानावर कायम लाल पेन्सिल. त्यांच्या कॅम्पात, म्हणजे कामगारांच्या वस्तीत, चार खोल्या होत्या. खोलीत नऊ-नऊ माणसं, बहुतेक रत्नागिरी-रायगडची. सगळ्यांची मेस एकच. माझ्यातली पावडर त्यांच्या चहात महिनाभरात संपली. माझे भाऊबंद संपले की न्हाणीघरात टमरेल व्हायचे. माझ्याही नशिबी तेच होतं, पण मध्येच इलेक्शन आलं.

ते १९९९ साल होतं. शहरात म्युनिसिपल कौन्सिलची पहिली निवडणूक होती. कामावर जाताना कंपनीच्या बसमधून उमेदवारांचे बोर्ड दिसायचे. आमच्या माणसांना तिथं मत नव्हतं, आणि इतक्या लांबून गावच्या पंचायतीलाही देता येत नव्हतं. मेसमध्ये मात्र रोज भांडणं. मासे कधी आणायचे, आधी अंघोळ कुणी करायची, बिघडलेल्या कूलरबद्दल साहेबाशी कोण बोलणार, एक ना दोन.

वर्कशॉपचे सुपरवायझर ग्विनसाहेब वेल्सचे होते. म्हातारे, एकटे. दुपारी स्टोअरमध्ये येऊन कासमभाईंच्या स्टुलावर बसायचे आणि गावाच्या आठवणी काढायचे. भांडणांचं ऐकून त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर आपल्या गावच्या कौन्सिलचा नकाशाच काढला. हे वॉर्ड. प्रत्येक वॉर्ड आपला मेंबर निवडतो, चार वर्षांसाठी. मेंबर आपल्यातून एक पुढारी निवडतात. आणि उरलेल्यांनी काय करायचं? त्या पुढाऱ्याला प्रश्न विचारत राहायचं. कागद दोन भाषांत निघतात, वेल्श आणि इंग्रजी, म्हणजे कुणाला परकं वाटायला नको.

"आणि दोघांना सारखीच मतं पडली तर?" कासमभाईंनी आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"मग चिठ्या उडवायच्या," साहेब म्हणाले. "आणि कुणी कुणाला मत दिलं, हे कधीच विचारायचं नाही. जो विचारतो त्यालाही सांगायचं नाही." इकडं आल्यापासून त्यांनाही आपल्या कौन्सिलला मत देता येत नव्हतं.

तर अशी आमची मेस कमिटी जन्माला आली. चार खोल्या म्हणजे चार वॉर्ड. पेटी कुठली? मी! माझ्या झाकणाला चीर पाडायचं काम रियाजकडे आलं. रियाज म्हणजे कासमभाईंचा जीव की प्राण. गुहागरचा, फॅब्रिकेटर, तोंडाचा फटकळ पण मनानं निर्मळ. दोघं चार नंबरच्या खोलीत समोरासमोर झोपायचे आणि रोज एकाच थाळ्यात जेवायचे. माशाचा डोक्याकडचा भाग रियाजनं कासमभाईंकडे सरकवायचा, असा त्यांचा रिवाज होता.

रियाजनं छिन्नी लावली, हातोडा मारला. दुसरा घाव झाकणाऐवजी माझ्या मानेवर बसला आणि मला चांगलाच पोचा पडला.

"अरे, सावकाश! पेटी आहे ती," कासमभाई ओरडले.

"यल्ला, चला कासमभाई, डब्याला काय दुखतंय?" रियाज हसला.

दुखलं होतं. पण मी कुणाला सांगणार?

रियाज मेंबर झाला, मग चौघांनी त्याला पुढारी केलं. चार वर्षं त्यानं मेस उत्तम चालवली. कूलर आले. आजारी माणसाला दवाखान्यात कोण नेणार याच्या पाळ्या लागल्या. दर महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला सगळे त्याला हवं ते विचारायचे, आणि तो चिडत-चिडत का होईना, उत्तर द्यायचा. माझी जागा कासमभाईंच्या कपाटावर. येणारा-जाणारा मला टिचकी मारून जायचा. ते माझे सुखाचे दिवस.

२००३ साली दुसरं इलेक्शन आलं. चार नंबरच्या खोलीत रियाजसमोर अश्फाक उभा राहिला. तोही भला माणूस, कुणाशी वाकडं नाही. अधिकारी अर्थातच कासमभाई. त्यांनी माझ्या झाकणावर टेप लावला, दोघांच्या सह्या घेतल्या. कपाटाचा दरवाजा उघडून आडोसा केला. एकेक जण यायचा, यादीत आपल्या नावापुढं खूण करायचा, आत चिठी लिहायचा आणि माझ्यात टाकायचा. अधिकाऱ्यानं सगळ्यांत शेवटी मत द्यायचं असं ठरलेलं होतं.

कासमभाईंची पाळी आली तेव्हा बॉलपेन संपलं. त्यांनी दोनदा झटकलं, मग कानावरची लाल पेन्सिल काढली. चिठीवर लिहिलं, 'रियाज'. स्टोअरच्या मालावर लिहायची सवय, म्हणून नावाखाली दोन रेघा ओढल्या. चिठी बारीक घडी करून आत सोडली. मी ती घेतली. शपथेवर सांगतो, मी ती घेतली.

मग सगळ्यांसमोर मला पालथं केलं. चिठ्या भराभर पडल्या. पण ती बारीक घडी माझ्या मानेच्या आतल्या पन्हाळीत घरंगळली आणि पोच्याखाली घट्ट अडकली. मी किती कुंथलो! काही उपयोग झाला नाही.

रियाज चार. अश्फाक चार. यादीत खुणा नऊ, चिठ्या आठ.

कासमभाईंनी मला पुन्हा पालथं केलं, बुडावर थापा मारल्या, टॉर्च लावून आत पाहिलं. वरून पाहिलं तर मानेखालचं दिसणार कसं? लाल पेन्सिलीची चिठी आली नव्हती. हरवलेलं मत आपलंच, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. एक शब्द बोलले असते तर त्यांचा दोस्त निवडून आला असता. ते बोलले नाहीत. त्यांनी दोन चिठ्या केल्या, टोपीत टाकल्या आणि अश्फाकलाच एक काढायला लावली. अश्फाकचंच नाव निघालं.

खोली रिकामी झाल्यावर रियाज त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"कासमभाई, मला मत देणारे चार कोण, ते मला माहीत आहे. मी आणि ते तिघं. तिघांनीही मला सांगितलंय. त्यांच्यात तुम्ही नव्हता."

कासमभाईंनी चिठ्या गोळा करायला घेतल्या.

"म्हणजे यादीत खूण केली आणि चिठी खिशात ठेवली. माझाही वाईटपणा नको, त्याचाही नको. असंच ना?"

"रियाज, डब्यातून निघालं तेच मत. त्याच्यावर मी काही बोलणार नाही."

"एवढं तर सांगा, मला दिलं होतं की नाही?"

"ते विचारायचं नसतं रे."

"खलास," रियाज म्हणाला. त्याच संध्याकाळी त्यानं आपली गादी उचलली आणि दोन नंबरच्या खोलीत गेला.

मित्रांनो, त्यानंतरची पाच वर्षं मला सांगवत नाहीत. कासमभाई थाळा घेऊन कोपऱ्यात एकटेच बसायचे. माशाचं डोकं त्यांच्या पानात आलं तर तसंच राहायचं. ग्विनसाहेब निवृत्त होऊन मायदेशी गेले आणि स्टोअरमधलं स्टूलही रिकामं झालं. पुढं कंपनीनं मेस कंत्राटदाराला दिली. कमिटी संपली, माझं कामही संपलं. आता मला कुणी टिचकी मारत नव्हतं. कासमभाई मात्र अधूनमधून मला खाली घ्यायचे, कानाशी धरून हलवायचे आणि पुन्हा वर ठेवायचे. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो, बोट घाला, मानेत बोट घाला! पण देवानं डब्याला तोंड दिलं, वाचा दिली नाही.

२००८ साली ते कायमचे गावी निघाले. बावीस वर्षांचा संसार दोन बॅगांत बसला, मी काही बसलो नाही. त्यांनी मला अश्फाककडे दिलं. "ज्यानं चीर पाडली, त्याला दे," एवढंच म्हणाले. बस सुटताना रियाज वर्कशॉपच्या दारात उभा होता. त्यानं हात वर केला नाही.

दोन महिने मी रियाजच्या बाकाखाली धूळ खात पडलो होतो. एके दुपारी त्याला स्क्रू ठेवायला डबा हवा होता. माझं तोंड अरुंद, म्हणून त्यानं पत्रा कापायची कात्री घेतली आणि माझी मानच कापून काढली. मला दुखलं. या वेळी मला त्या दुखण्याचा आनंद झाला.

चिठी बाकावर पडली.

त्यानं ती उलगडली. लाल पेन्सिल, आणि नावाखाली दोन रेघा. ते अक्षर त्यानं स्टोअरच्या हजार खोक्यांवर पाहिलं होतं. तो खाली फरशीवरच बसला. मग मोबाइल काढला. दापोलीकडच्या त्या घरात आधी नफिसाभाभींनी फोन घेतला, मग कासमभाई आले.

"कासमभाई... मी रियाज." त्यानं चिठी उजेडात धरली. "चिठी सापडली. डब्याच्या मानेत होती. मीच पाडलेल्या पोच्यात. तुम्ही सांगितलं का नाही? एकदा तरी सांगायचं होतं!"

"माझ्या सांगण्यावर तू निवडून आला असतास, तर ते इलेक्शन कसलं?" पलीकडून तोच थंड आवाज आला. मग जरा थांबून, "आता डब्यातून निघाली ना?"

"हो."

"मग मोज."

रियाजनं डोळे पुसले. त्या रिकाम्या वर्कशॉपमध्ये, एकट्यानं, एकेक बोट दुमडत तो मोठ्यानं मोजायला लागला. "एक. दोन. तीन. चार..." पाचव्याला त्यानं त्या चिठीवर बोट टेकवलं. मग कार्डाचे पैसे संपले आणि फोन कटला.

मित्रांनो, मी आता बिनमानेचा डबा आहे. स्क्रूंची खळखळ ऐकत दिवस काढतो. माझी एवढीच विनवणी आहे. जुनी वस्तू फेकण्याआधी तिच्यात एकदा बोट घालून पाहा. आणि तुमचं एखादं माणूस गप्प बसलं, तर त्याची गादी सोडून जायची घाई करू नका. रियाज अजून रोज जेवतो तेव्हा माशाचं डोकं थाळ्यात एका बाजूला सरकवून ठेवतो. पण समोर कुणी नसतं.