मरियेच्या कपाळाची आठी

आमच्या ह्यांनी आजवर जेवढ्या मरिया रंगवल्या, त्या सगळ्यांना माझं तोंड आहे. लग्नानंतर देवदूताचा निरोप ऐकायला मी खिडकीपाशी बसले, थोरला झाल्यावर त्याला घेऊन गोठ्यात बसले. बाळंतिणीच्या अंगावर कडक इस्त्रीचा निळा झगा, तोही गोठ्यात! पण शेकडो वर्षं चित्रकार तसंच काढत आलेत म्हणे. म्हणून गप्प बसले.

आता चर्चच्या वेदीसाठी शेवटचा प्रसंग हवा होता. वधस्तंभावरून उतरवलेला येशू आईच्या मांडीवर. तर हे म्हणाले, "तू नुसती बैस. चेहरा तुझ्या भाचीचा घेतो."

"का? माझ्या चेहऱ्याला काय धाड भरली?"

ह्यांनी जाडजूड पुस्तक पुढ्यात टाकलं. पानोपानी जुन्या चित्रकारांच्या मरिया, सगळ्या गोऱ्यागोमट्या, एकीच्याही कपाळाला आठी नाही.

"तेहतीस वर्षांच्या मुलाची आई विशीतली? कुणाला हिशेबच येत नव्हता की काय?"

"अगं, पावित्र्याला वय नसतं."

"वय नसतं, पण भाची लागते!"

मला रडूच आलं. इतकी वर्षं तोंड माझं चाललं आणि आता नुसती मांडी उरली.

येशू म्हणून थोरल्याला बोलावलं होतं. स्वारी उशिरा उगवली, कोपर सोलवटून.

"पुन्हा पडलास? पुन्हा हेल्मेट नाही?"

"किरकोळ आहे गं आई," म्हणत तो माझ्या मांडीवर आडवा झाला. एवढा मोठा घोडा, पाय बाकाबाहेर. डोळे मिटले, मान मागे टाकली, सोललेला हात खाली लोंबकळला. मी बोलत होते, तो ओ देईना. हलवलं, तरी नाही. 

"किती वेळा सांगितलं तुला! किती वेळा! ऊठ म्हणते ना!"

"अगं, डोळा लागला होता," तो दचकून म्हणाला.

मी फटका मारायला हात उचलला, तर कॅनव्हासमागून हे ओरडले, "हलू नकोस!" चेहऱ्यासाठी बोलावलेली भाची दिवसभर कोपऱ्यात बसून कंटाळली आणि घरी गेली.

चित्र बघायला फादर आले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"सुरेख आहे. पण मरिया चिडलेली वाटते हो. आणि ही आठी..."

"पोरगं निपचित पडलंय, फादर. तिने काय गोड दिसायचं?"

"तसं नाही. पण तो पुन्हा उठणार आहे ना? तिचा विश्वास आहे."

"रविवारी उठेल हो," मी म्हणाले. "चित्रात शुक्रवार आहे."

हे आपले ब्रश घेऊन तयारच, सांगाल ते पुसतो म्हणून. निघताना फादर दारात थांबले आणि ह्यांना म्हणाले, "आठी राहू द्या."