तांब्यावरचा पेला

अमरनाथआप्पांनी पोराच्या कानाखाली मारली ती माझ्याच दुकानात, काउंटरसमोर. आवाज एवढा झाला की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मान बाहेर काढली. पोरगं भिंतीवर आदळलं आणि तसंच उभं राहिलं. रेवण त्याचं नाव. उजवा हात पँटच्या खिशात, डावा गालावर.

लातुरात क्लासेसच्या गल्लीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. परीक्षा जवळ आली की आईबाप गाव सोडून पोरांच्या खोलीवर राहायला येतात. डबा करतात, पहारा देतात. आप्पा किल्लारीकडचे, गावात किराणा दुकान. ते भावावर सोपवून रेवणजवळ येऊन राहिले होते. डॉक्टरकीची नीट परीक्षा पुढच्या रविवारी होती आणि पोराचे सगळे सराव पेपर त्या लॅपटॉपात होते. लॅपटॉप चालू व्हायचा, पडदा मात्र काळाच राहायचा.

"यानंच फोडला," आप्पा म्हणाले. "अभ्यास नको म्हणून. कालपासून मारायलोय, कबूल करंना."

"मी न्हाई फोडला," रेवण म्हणाला. आप्पांचा हात पुन्हा वर गेला.

माझा स्वभाव तापट. आई म्हणते, दामिनी नाव ठेवलं तिथंच चुकलं. मी स्क्रूड्रायव्हर उलटा धरून काउंटरवर आपटला. "आप्पा, आता हात उचलला तर हा तुमच्या तळहातात घालीन. बसा त्या स्टुलावर."

ते बसले, पण दात खातच.

मी चार्जर काढला, बटण दाबून धरलं, पुन्हा चालू केलं. पंख्याचा आवाज आला, कीबोर्डवरचा दिवाही लागला. म्हणजे आत जीव होता. रॅम काढून पुसून बसवली, फरक नाही. मग दुकानातली ट्यूब बंद केली आणि मोबाईलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरला. काळ्या पडद्यात अंधुक अक्षरं दिसली. रेवणचं नाव, खाली पासवर्डची चौकट.

"चित्र येतंय," मी म्हणाले. "पडद्यामागचा उजेड तेवढा गेलाय. तुमचा अभ्यास कुठं गेला नाही." टेबलावरचा जुना मॉनिटर जोडला तर त्यावर सगळं लख्ख उमटलं, सराव पेपरांसकट.

रेवण पुढं वाकून पेपरांची नावं वाचायला लागला. आप्पा मात्र उठून त्याच्या अंगावर धावले. "मंग उजेड कसा गेला? आपटल्याबगर जातो का?" त्यांनी त्याची मान धरून डोकं काउंटरकडं दाबलं. मी आप्पांच्या मनगटाला दोन्ही हातांनी लोंबकळले तेव्हा कुठं रेवण सुटला.

आपटलेला लॅपटॉप मला कळतो. कोपरा चेपतो, बिजागरी हलते. इथं तसलं काहीच नव्हतं. मी झाकण बंद केलं आणि वरून टॉर्च मारला. बिजागरीपाशी, पडद्याचा उजेड जिथून निघतो बरोबर त्याच जागी, झाकणावर एक गोल उमटला होता. वाटीपेक्षा लहान, पूर्ण गोल, आत खोलगट. रोज एकाच जागी काहीतरी जड ठेवल्याशिवाय असा गोल पडत नाही.

"यावर काय ठेवता रे?" मी विचारलं.

रेवणनं गोल पाहिला. त्याचा चेहरा उतरला. त्यानं खिशातला हात काढला आणि चटकन त्या गोलावर ठेवला, झाकायला. तो हात मी पाहिला. मनगट सुजून काळंनिळं झालेलं, बोटं फुगलेली, अंगठा वळत नव्हता.

"हे कशानं झालं?" मी विचारलं.

"लिहायच्या पॅडनं," रेवण म्हणाला. "कडेनं लागलं. काल."

कुणी मारलं ते विचारायची गरज नव्हती. मी त्याचा हात हलकेच उचलून बाजूला केला. आप्पा पुढं आले. त्यांनी गोलावर बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"तांब्याय," ते म्हणाले. "माझा."

किल्लारीच्या भूकंपात आप्पा लहान होते. आई आणि दोन बहिणी ढिगाऱ्याखाली गेल्या. तेव्हापासून त्यांच्या घरात निजताना उशाशी भरलेला तांब्या आणि त्यावर उपडा पेला ठेवतात. जमीन हलली की पेला पडतो, वाजतो आणि माणसं बाहेर पळतात. खोलीवर आल्यापासून ते पत्र्याच्या पेटीवर तांब्या मांडायचे. पेटीवर रेवणचा मिटलेला लॅपटॉप असायचा, तांब्या त्यावरच.

"गुळगुळीत हाय ना," आप्पा म्हणाले. "जरा हललं तरी पेला घसरंल. लवकर कळंल. मला वाटलं, पोराला आधी उठवता येईल."

मग त्यांनी स्वतःचा उजवा हात काउंटरच्या लोखंडी कडेवर आपटला. पुन्हा आपटला. कातडं फाटलं, माझ्या बिलबुकावर रक्त उडालं. मी थांबवलं नाही. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. थांबवलं रेवणनं, डाव्या हातानं.

"बास, आप्पा," तो म्हणाला. "दोघांचे हात गेले तर भाकरी कोण करंल?"

मी दुकान बंद केलं आणि दोघांना दवाखान्यात नेलं. रेवणच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. जुना मॉनिटर मी त्यांना खोलीवर लावून दिला. रविवारी रेवणनं डाव्या हातानं उत्तरपत्रिकेवरचे गोल भरले. उत्तरं येत होती, पण हात चालत नव्हता. बरेच गोल राहून गेले.

नंतर नवा पडदा बसवलेला लॅपटॉप न्यायला आप्पा एकटेच आले. हाताला पट्टी होती, डोळे खोल गेले होते. माझा राग अजून गेला नव्हता, तरी त्यांना पाहून बोलावंसं वाटलं.

"तांब्या आता जमिनीवर मांडत जा, आप्पा."

"मांडतच न्हाई, ताई," आप्पा म्हणाले. "झोपणाऱ्याला लागतो तांब्या."