चाकाच्या खुणेवर राहिलेला पाना

मी एक जुना टॉर्क पाना आहे, मित्रांनो. नट किती आवळला गेला, हे साध्या पान्याला कळत नाही. मला कळते. माझ्या मुठीशी एक कडे आहे. ते फिरवून हव्या त्या आकड्याच्या खुणेवर आणले, की माझ्या पोटातली स्प्रिंग तेवढी दाबली जाते. मग नट तेवढा घट्ट होताच मी ‘टक्’ असा आवाज करतो. तो माझा शब्द. त्याच्या भरवशावर माणसे गाडीत आपली लेकरे बसवतात. तो शब्द मी मोडला, म्हणून आज तुमच्यापुढे तोंड उघडले आहे.

कारखान्यातून मी लाल पत्र्याच्या पेटीत बाहेर पडलो. एका मोठ्या शोरूमच्या मागे वर्कशॉप होते. तिथल्या एका मेकॅनिकने मला स्वतःच्या पैशांनी विकत घेतले. तिथे ज्याची त्याने हत्यारे आणायची अशी रीत होती. त्याचा हात शांत होता. चाक बसवले की पाचही नट तो एकाआड एक धरून आवळी आणि पाच वेळा माझा ‘टक्’ कान देऊन ऐके. संध्याकाळी न चुकता कडे उलटे फिरवून मला सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवी, कारण दाबून ठेवलेली स्प्रिंग हळूहळू दम सोडते. सोबतचे त्याला ‘टकटककाका’ म्हणत. त्यात थट्टा होती, तसा मानही होता. ती माझी सुखाची वर्षे.

मग एक दिवस भिंतीवर तक्ता लागला. तेल बदलणे, अठरा मिनिटे. चाकांची अदलाबदल, चोवीस. दिवा बदलणे, नऊ. पगार तेवढ्याच मिनिटांचा. गंजलेला नट अडून बसला आणि तास गेला, तर तो ज्याचा त्याचा. इंजिनाच्या मोठ्या कामांना मिनिटे भरपूर होती; ती इतरांकडे गेली. किरकोळ कामे काकांकडे आली, कारण त्यांच्या हातची गाडी तक्रार घेऊन परत येत नसे. चांगल्या कामाचे असे बक्षीस मी तरी दुसरीकडे पाहिले नाही.

“काका, नटांना अंगाई म्हणताय का?” सुपरवायझर दारातून ओरडे. “बाहेर तीन गाड्या ताटकळतायत!”

“तुमच्या तक्त्यात अंगाईला किती मिनिटं आहेत, साहेब?” काका खालूनच विचारत. सगळे हसत. पण महिनाअखेरीस पगाराची पावती हातात आली, की काका हसत नसत.

एका संध्याकाळी त्यांनी मला चाकाच्याच खुणेवर ठेवून पेटी मिटली. सकाळी कडे फिरवण्याचे अर्धे मिनिट वाचले. दुसऱ्या दिवशीही तसेच. असे चार महिने गेले. मित्रांनो, मला एकच आवाज काढता येतो. “मला सैल करा” असे सांगायला दुसरा नव्हता. स्प्रिंग दमत गेली आणि मी वेळेआधीच ‘टक्’ म्हणू लागलो. ते दर वेळी कान देऊन ऐकत आणि विश्वास ठेवत.

शाळेतल्या एका बाईंच्या गाडीचे काकांनी बसवलेले पुढचे चाक भर रस्त्यात निघाले. गाडी कठड्यावर आदळली. बाईंचे मनगट मोडले.

बातमी आली तशी काकांनी मला शेजारच्याच्या नव्या पान्याशी ताडून पाहिले. मी ‘टक्’ म्हटल्यावरही नट चांगला पाव वळसा फिरला. ते माझ्याकडे बघत राहिले. मला एखादी शिवी चालली असती.

ऑफिसात सुपरवायझरने कागद पुढे सरकवला. “‘घाईत नट आवळायचे राहिले’, एवढंच लिहा. दोन दिवसांचा पगार कापू, विषय संपला.”

“राहिले नाहीत. पाना सैल पडलाय, चूक माझीच. पण चार महिन्यांत मी चाकं बसवलेली प्रत्येक गाडी परत बोलवा.”

“प्रत्येक? अहो काका, एक माणूस विसरला तर एका माणसाची चूक. पाना बिघडला म्हटलं, तर सगळ्या शोरूमची अब्रू जाते.”

“म्हणूनच विसरलो असं लिहीत नाही.”

त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली.

घरी त्यांची मुलगी होती. मोठी, नोकरी करणारी, घराचा निम्मा भार उचलणारी. “एका ओळीसाठी नोकरी घालवलीत, बाबा? आणि आता दोष पान्यावर?”

“ओळ लिहिली असती, तर बाकीच्या गाड्या तशाच फिरल्या असत्या गं.”

“हट्ट आहे तुमचा. दुसरं काही नाही.”

दुसऱ्या दिवसापासून ते रोज पिशवी घेऊन बाहेर पडू लागले. दारोदार बारीकसारीक कामे मागत असतील, असे तिला वाटले. लाज वाटली, म्हणून तिने विचारले नाही. सहाव्या आठवड्यात त्यांचे हृदय थांबले.

महिन्याभराने हत्यारे देऊन टाकायची म्हणून तिने पेटी उघडली. माझ्याखाली त्यांची रोजच्या कामांची वही होती. दोनशे बारा गाड्यांचे क्रमांक, पुढे मालकांचे फोन आणि बरोबरच्या खुणा. उसना पाना घेऊन ते घरोघरी जाऊन नट आवळत होते, फुकट. नऊ नावांपुढे खूण नव्हती.

ती मला तपासणीच्या दुकानात घेऊन गेली.

“एकशे दहाला लावला तर पंच्याहत्तरलाच वाजतोय,” तिथला माणूस म्हणाला. “महिनोन्महिने दाबून ठेवला होता कोणीतरी. तुमचा आहे?”

“वडिलांचा,” ती म्हणाली. मग टेबलाची कड धरून उभी राहिली. “ते सांगत होते मला.”

तिने मला नवी स्प्रिंग बसवून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी पहिला फोन लावला.

“हो, त्यांचा फोन आला होता,” पलीकडचा गृहस्थ म्हणाला. “मीच म्हटलं, नंतर बघू.”

त्याच्या दारात तिने नट आवळले. अवघडत, दोन्ही हातांनी. एकेका नटाला बराच वेळ लागला. मी जपून बोललो. “एवढंसं तर काम, किती द्यायचे?” त्याने विचारले. तिने नुसती नकारार्थी मान हलवली.

आठ गाड्या झाल्या. नववी राखाडी, लहान; मालकाने ती विकून टाकली आहे आणि घेणाऱ्याचा पत्ता लागत नाही. ती अजून विचारत फिरते. मी तिच्या पिशवीत असतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी जुनी घेतलेली लहानशी राखाडी गाडी असेल, तर मोठ्यांना आजच सांगा, चाकांचे नट तपासून घ्या. आणि जो तपासायला बसेल, त्याला लागेल तेवढा वेळ द्या.