केरीसमोर वारा पडला

सुट्टीत माणसं आराम करतात, असं मी साठ वर्षं समजत होतो. माझ्या पुतण्यानं, निलेशनं, हा धंदा काढला तेव्हा कळलं की आजकाल माणसं सुट्टी काढून दोर ओढायला येतात. शिडाची होडी, तीन दिवस, केरीहून निघायचं ते वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांकडे. शीड पाहुण्यांनी चढवायचं, मासे पाहुण्यांनी साफ करायचे, रात्री वाळूत झोपायचं. हाताला फोड आले की ते एकमेकांना कौतुकानं दाखवायचे. मोबाईल निघतानाच धक्क्यावरच्या ऑफिसात बिस्किटांच्या डब्यात ठेवून द्यायचे. आणि मी त्यांचा तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, शांताराम.

निलेश सुरुवातीला म्हणाला होता, "काका, मागे एक छोटं इंजिन लावूया का? अडीअडचणीला?"

मी त्याला असा झापला की विचारू नका. शिडाच्या होडीला इंजिन? माझ्या बापानं, आज्यानं कधी लावलं होतं? माझी होडी आजवर कधी अडकली नाही, म्हटलं, आणि अडकणारही नाही. माझं तोंड हे असं आहे. मंजुळा, माझी बायको, म्हणते की हे तोंड एक दिवस मला खड्ड्यात घालणार. मी म्हणायचो, समुद्रात खड्डे नसतात.

तर ही ट्रिप खरं म्हणजे मी घ्यायचीच नव्हती. त्या गुरुवारी आमची प्राजक्ता आयर्लंडला जाणार होती. एकुलती एक पोर. म्हापशात नर्सिंग केलं, चार वर्षं नोकरी केली, आणि आता तिकडच्या कुठल्या वृद्धाश्रमात तिला घेतलं होतं. साडेचारचं मोपावरून विमान, मुंबईला बदलायचं. आमच्या पेडणे तालुक्यात विमानतळ आला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. तो माझ्याच पोरीला न्यायला आलाय, हे कुणाला ठाऊक होतं!

सोमवारी संध्याकाळी भांडण झालं. ती बॅग भरत होती आणि मी उंबऱ्यात उभा. म्हणालो, "इथला म्हातारा बुडाला तरी चालेल, तिथल्या म्हाताऱ्यांच्या उशा नीट करायला जा तू."

"बाबा, असं बोलू नका ना," ती म्हणाली.

"जातेस तर जा. मला तोंड दाखवून जायची गरज नाही."

बोललो. बोलून गेलो. आणि बोललेलं खरं करायला त्याच रात्री निलेशला जाऊन सांगितलं की उद्या त्या दुसऱ्या तांडेलाला नको पाठवू, मी नेतो होडी. म्हणजे मंगळवारी निघायचं, गुरुवारी संध्याकाळी परत. ती जाताना मी घरात नको. एवढा राग! साठीतला माणूस आणि शाळेतल्या पोरासारखा रुसून समुद्रात जाऊन बसला. अडीअडचणीला म्हणून निलेशनं दिलेला कंपनीचा मोठा फोन होता, त्यावर ती मंगळवारी दुपारी फोन करत राहिली. अकरा वेळा. मी बटण दाबून फोन बंदच करून टाकला.

होडीवर आम्ही चौघं. मी. स्वयंपाकाला आणि हाताखाली कृष्णनाथ, तो नार्वे गावचा, जन्मभर नदीत बार्जवर काम केलेला, त्याचा खाऱ्या पाण्यावर अजून विश्वास बसलेला नाही. आणि पाहुणे दोघंच, कोल्हापूरचे संदीप आणि अर्चना, नवराबायको, चाळिशीचे. माणसं चांगली. संदीप प्रत्येक गाठीचं नाव विचारायचा आणि लगेच चुकीची मारायचा.

बुधवारी बेटावर, संध्याकाळी कृष्णनाथ बांगडे भाजत असताना, अर्चनाताईंनी सहज विचारलं, "काका, मुलंबाळं?"

मी सांगितलं. रागारागातच सांगितलं, सगळं. मला वाटलं होतं, बाई म्हणेल की हो ना, आजकालची मुलं अशीच. ती बाई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "उद्या जाणार ती? मग तुम्ही इथं काय करताय?"

काय करताय! मी माशाचा काटा काढत बसलो. तिकडे गेल्यावर दोन वर्षं सुट्टी नाही तिला. दोन वर्षांनी मी असेन की नसेन, आणि पोरीच्या कानात शेवटचं काय राहणार, तर मला तोंड दाखवू नकोस.

वारा तेव्हा पडला होता, लगेच निघणं शक्य नव्हतं. फोन काढला. सुरू केला, तर तो चार आकड्यांचा नंबर मागायला लागला. कसला नंबर? निलेशनं घातलेला, मला काय ठाऊक! संदीपनं चार-पाच वेळा काहीबाही दाबून बघितलं. मग फोन म्हणाला, आता थांबा. शेवटी संदीप म्हणाला, "काका, यावरून फक्त पोलिसांना फोन लागेल."

"काय सांगू पोलिसांना? माझी पोर जातेय, थांबवा?"

पण मी हिशोब केला. पहाटे जमिनीवरून मतलई सुटते. त्यावर निघायचं. रेडीच्या पुढे येईपर्यंत ती पडली तरी हरकत नाही, अकराच्या सुमारास समुद्राकडून वारा धरतो, तो मागून ढकलत केरीला आणून सोडतो. पोर घरून दोनला निघणार. बारा वाजता मी घरात. पाहुण्यांना विचारलं, तुमचा अर्धा दिवस वाया जाईल. संदीप म्हणाला, "काका, दोर कुठला ओढायचा ते सांगा."

निघालो. फोन रात्रीतच चार्जिंग संपून बंद पडला होता. होडी छान पळाली. शिरोडा गेलं, रेडी गेलं. साडेदहाला तेरेखोलचा किल्ला डाव्या अंगाला स्वच्छ दिसायला लागला, पुढे केरीचं सुरूचं बन, धक्क्याजवळचे काळे खडकसुद्धा. जेमतेम दीड मैल. मी मनातल्या मनात बोलायचं ते जुळवत होतो. "चुकलो" एवढं म्हणायचं, की आणखी काही? आणि वारा पडला.

पडतोच त्या वेळी. थांबलो. अकरा वाजले. साडेअकरा. समुद्राकडचा वारा येईना. पाणी असं सपाट की होडीच्या बाजूला माझंच थोबाड दिसत होतं. शीड लोंबत होतं. अर्चनाताई हळूच म्हणाल्या, "किती शांत आहे ना," आणि लगेच जीभ चावली.

"येतलो वारो, येतलो," कृष्णनाथ म्हणत होता. दर पाच मिनिटांनी.

"तुझ्या नदीतून येतलो काय?" मी खेकसलो. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष!

बारा वाजता एक ट्रॉलर गेला, अर्ध्या मैलावरून. मी उठून दोन्ही हात हलवले, ओरडलो. संदीपनं शर्ट काढून फिरवला. ट्रॉलरवरच्या चौघांनी आनंदानं हात हलवले आणि गेले निघून. टुरिस्ट होडीवरची माणसं हात हलवतात, हे त्यांना रोजचंच. आयुष्यात मी इतक्या शिव्या एका दमात दिल्या नव्हत्या. अर्चनाताई समोर आहेत याचंही भान राहिलं नाही.

मग वल्ही काढली. चार वल्ही, चार माणसं, सुकाणू बांधून टाकलं. पण ओहोटी लागलेली. तेरेखोलच्या नदीचं सगळं पाणी बाहेर येत होतं, आमच्या तोंडावर. दहा हात पुढे, सहा हात मागे. त्यात ते ओलं, जड शीड डोक्यावर झुलत होतं, त्याची काठी होडी डोलली की हेलकावे खायची आणि वल्ही मारणाऱ्याच्या टाळक्यावर यायची. संदीपला एकदा लागलीही.

"उतरवा," मी म्हटलं. "शीड उतरवा, होडी हलकी होईल."

तेव्हा एक वाजला होता. शीड खाली घेतलं, गुंडाळलं, आणि खरंच होडी जरा हलली. मग आम्ही जी वल्ही मारली! अर्चनाताईंच्या तळव्यांतून रक्त यायला लागलं, त्यांनी ओढणी फाडून गुंडाळली आणि परत बसल्या. कृष्णनाथनं देवाचं नाव घेणं सोडलं आणि नुसता मोजत राहिला. एक, दोन. एक, दोन. खडक जवळ येत होते. मला वाटलं, जमतंय. दम लागला म्हणून दोन मिनिटं थांबलो, तर पाण्यानं होडी परत मागे नेली, होतो तिथे. पुन्हा मारली. पुन्हा तेच.

दोन वाजले. आता ती घरातून निघाली असेल. देवाला नमस्कार केला असेल, आईच्या पाया पडली असेल, माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं असेल. पोहत जावं असं मनात आलं. धोतराचा कासोटासुद्धा आवळला. कृष्णनाथनं नुसतं माझ्याकडे बघितलं. तांडेल होडी सोडून जात नाही. पाहुणे होडीत असताना तर नाहीच. परत बसलो.

मी रडलो, सांगायला लाज नाही. वल्हं हातात होतं आणि रडत होतो. संदीप दुसरीकडे बघत राहिला. अर्चनाताई म्हणाल्या, "काका, तुम्ही प्रयत्न केलात." प्रयत्न! तिला कुठं दिसतोय माझा प्रयत्न?

तीननंतर मोपावरून एकामागून एक विमानं उठली. प्रत्येक वेळी चौघंही वर बघायचो. साडेचार वाजून गेल्यावर जे उठलं ते बहुतेक तिचं. बहुतेक. खात्री कुणाला? ते समुद्रावर आलं, आमच्या अगदी डोक्यावरून वळलं आणि उत्तरेला गेलं. मी हात वर केला नाही. कुणासाठी करू?

आणि पाच वाजता वारा आला. भरभरून, मागून, हवा तसा. शीड चढवलं आणि वीस मिनिटांत केरीच्या धक्क्याला लागलो. वीस मिनिटं फक्त.

धक्क्यावर मंजुळा एकटीच उभी होती. विमानतळावरून परस्पर आली होती, चांगली साडी तशीच अंगावर. मी उतरलो. माझे हात बघितले तिनं, पाहुण्यांचे बघितले.

"गेली?" मी विचारलं.

"गेली."

"घरातून वेळेवर निघाली?"

"घरातून थेट नाय निघाली," मंजुळा म्हणाली. "घराकडसून तुमचा शीड दिसला तिका, तशी साडेअकराला बॅगा रिक्षात घालून हंय घेऊन आली माका. त्या खडकार बसली. म्हणाली, आई, बाबा येतायत, शीड दिसता बघ. मी म्हटलंय, अगो, वारो नाय, कसे येतले? तर म्हणाली, बाबांची होडी कधी अडकत नाय. येतले."

मी धक्क्याच्या लोखंडी खुंट्यावर बसलो.

"दीड तास बसली. तहान लागली तरी उठली नाय. डोळो हलवलो नाय तुमच्या शिडावरून." मंजुळानं समुद्राकडे हात केला. "आणि मग तुम्ही शीड उतरवलात."

आमच्या बाजूला बंदर समोर दिसत असताना होडीनं शीड उतरवलं, की त्याचा एकच अर्थ. ही होडी आज आत येणार नाही, बाहेरच राहणार. किनाऱ्यावर वाट बघणाऱ्यांनी मग घरी जायचं, चूल पेटवून ठेवायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. आणि हे प्राजक्ताला कुणी शिकवलं? ती सहा वर्षांची असताना, खांद्यावर घेऊन, त्याच खडकांवर उभं राहून, मी शिकवलं.

"अगो, वल्ही मारूक उतरवलंय!" मी ओरडलो. "शीड जड होतं! तिच्यासाठी उतरवलंय, लवकर येवक! विचार ह्यांना!"

अर्चनाताईंनी मान हलवली. ओढणी गुंडाळलेले हात त्यांनी पुढे केले, जणू मंजुळालाच ते पटवायचं होतं.

"माका कळता," मंजुळा म्हणाली. "आता कळता. तेव्हा ती उठली. कपडे झाडले. म्हणाली, चल आई, त्यांनी शीड उतरवलं. मी म्हटलंय, थांब जरा. म्हणाली, नको. त्यांचा सांगून झाला."

"फोन लाव तिला. आत्ता लाव."

"विमानात आसा. बंद."

निलेश फोनांचा डबा घेऊन आला, पाहुण्यांना त्यांचे फोन देऊ लागला. कृष्णनाथ भांडी उतरवत होता. मागे वारा जोरात वाहत होता आणि होडी दोराला हिसके देत होती.

"पोचल्यावर तरी करील ना फोन?" मी विचारलं.

"करतंय म्हणाली."

"कुणाक?"

मंजुळानं पदरानं तोंड पुसलं.

"माका," ती म्हणाली.