पुण्याचा पुतण्या

शालिकराम गुरुजींचं अकोल्याच्या जठारपेठेत मोठं नाव होतं, आणि खोटं कशाला बोला, ते त्यांना फार आवडायचं. रिटायर झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी फुकटचं वाचनालय काढलं होतं. नियम एकच: पुस्तक परत करताना वहीत चार ओळींचा अभिप्राय लिहायचा. रविवारी संध्याकाळी तिथंच भिंतीला चादर ठोकून पिक्चर दाखवायचे. "पुस्तकानं अन् पिक्चरनं मानूस आतून हालला पायजे," हे वाक्य गुरुजी इतक्यांदा म्हणत, की त्यांच्या पत्नी पार्वताबाई स्वयंपाकघरातून ते त्यांच्या आधीच म्हणून मोकळ्या व्हायच्या.

वहीत सगळ्यात जास्त अभिप्राय नईमाचे. अचलपूरची पोर, अकोल्यात एका शाळेत विज्ञान शिकवायची. दोन वर्षांत एकशे चाळीस पुस्तकं वाचली तिनं! गुरुजी तिचे अभिप्राय चारचौघांत मोठ्यानं वाचत आणि म्हणत, "हे आपली पोरगी हाये."

तिच्या घरमालकानं घर विकलं, तेव्हा ही आपली पोरगी गुरुजींकडेच आली. "सर, तुमची वरची खोली रिकामीच हाये न? मले द्या. सात घरं पायली. नाव सांगतलं का खोली भरलेली निंगते."

गुरुजींनी चहा मागवला. रविवारी चादर ठोकायला येणारा चंद्रभान तिथंच पुस्तक चाळत बसला होता. साखर पुरे का, म्हणून दोनदा विचारलं. मग म्हणाले, "अवं, आदी तरी सांगाचं! माहा पुतन्या येऊन रायला पुन्याहून. त्याले कबूल केली न खोली."

आता सांगा! गुरुजींना ना सख्खा भाऊ, ना चुलत. पुतण्या येणार कुठून? पण जीभ वळली खरी. 'मले काय, मी थोडाच तसा हावो,' त्यांनी मनाची समजूत घातली. 'पन पार्वताचं देवघर वरतं हाये. तिले नाई चालनार.' मग पिठलं-भाकर खाऊन गाढ झोपले.

महिन्याभरानं एका रविवारी त्यांनी एक परदेशी पिक्चर लावला. चांगला आहे असं पेपरात वाचून स्वतःच निवडला होता. त्यात एक बाई बॅग घेऊन खोली शोधत फिरते. एक म्हातारा, घरात भिंतभर पुस्तकं असलेला, तिला बसवतो, चहा देतो आणि म्हणतो, मला काही नाही हो, घरच्यांना चालणार नाही. दार लागतं. आता पिक्चर बाईच्या मागं जाणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तो म्हाताऱ्यापाशीच थांबला. म्हातारा जेवला. गाणं गुणगुणला. अंथरुणावर पडला आणि लहान लेकरासारखा झोपला. किती तरी वेळ नुसता तो झोपलेलाच दाखवला.

"काय ढोंगी बुढा हाये बे!" मागून चंद्रभान ओरडला, आणि सगळे हसले.

गुरुजी हसले नाहीत. अशा माणसांना त्यांनी जन्मभर पुस्तकांत शिव्या घातल्या होत्या. आपण त्यांच्यातलेच असू, हे कधी मनात आलं नव्हतं. लाज वाटली, भयंकर लाज. डोळ्यांतून पाणी थांबेना. शेजारी नईमा शांत बसली होती.

सकाळी उठल्याबरोबर त्यांनी वरच्या खोलीची किल्ली काढली. "पार्वते, नईमाले वरची खोली देतो. तुह्या देवघराचं…"

"द्या न मंग! महिना झाला, पोरगी दारोदार फिरून रायली. मले वाटे, तुमी काहून देत नसान?"

"तुले चाललं असतं?"

"मले इचारलं कोनं?" पार्वताबाई म्हणाल्या आणि पीठ मळू लागल्या.

नईमाच्या खोलीला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, ती स्टँडवर गेली. गुरुजी धापा टाकत पोचले, तर ती अचलपूरकडं जाणाऱ्या परतवाड्याच्या गाडीपाशी दोन बॅगा घेऊन उभी होती.

"नईमा, हे किल्ली घे. तो पुतन्या… त्याचं रद्द झालं."

तिनं किल्लीला हात लावला नाही. "राजीनामा देल्ला सर मी. घर नाही तं नोकरी कशी करू?" ती म्हणाली, "अन् पुतन्याचं राहू द्या. तुमी एकुलते एक, हे काकूनं मले कवाच सांगतलं होतं."

"कालचा पिक्चर…" गुरुजी कसेबसे म्हणाले.

"तुमच्या बाजूलेच बसली होती न मी. तुमी रडले. मले काहून रडू येईन? माह्यासाठी त्यात नवीन काहीच नोतं." तिनं बॅगेतून वाचनालयाचं पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं आणि गाडीत चढली.

घरी येऊन गुरुजींनी वहीत पुस्तक जमा केलं. अभिप्रायाच्या रकान्यात काय लिहावं, ते सुचेना. दोन वर्षांत तिचा तेवढाच एक रकाना कोरा राहिला.

पुढच्या रविवारी चादर ठोकता ठोकता चंद्रभाननं विचारलं, "गुरुजी, नईमा नाई आली? अन् तुमचा तो पुतन्या कवा येते? खोली तं रिकामीच दिसते."

खरं सांगायची वेळ हीच होती. गुरुजींनी तोंड उघडलंही. सगळे त्यांच्याकडेच पाहत होते.

"येईन न तो," गुरुजी म्हणाले. "पुढच्या महिन्यात येईन."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.