उंबऱ्याबाहेर वाढलेली भूक

छाययुनने वर्षभर झगडून वजन उतरवलं, ते धाकट्या भावासाठी. झोंगयीची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि तिचं एक त्याला जुळत होतं. पण डॉक्टर श्यूंनी बजावलं होतं, "आधी वजन उतरवा आणि शस्त्रक्रियेपर्यंत टिकवा. त्याशिवाय मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही."

उतरलं, पण टिकेना.

भर उन्हाळ्यात तिला थंडी वाजू लागली. खाणं तेच, उकडलेला मासा आणि पाला. तरी काटा हळूहळू वर चढत होता. आणि भूक! जेवून उठलं, की मानेमागे कुणीतरी आवंढा गिळल्याचा आवाज येई. वळून पाहावं तर कुणी नसे.

"सातवा महिना लागलाय," आई म्हणाली. "बाजारातून एखादा भला भाऊ मागे लागला असेल." लुगांग गावात या महिन्यात मोकळ्या सुटणाऱ्या भुकेल्या भुतांना कुणी भूत म्हणत नाही, 'भला भाऊ' म्हणतात; नाहीतर त्यांना राग येतो.

"एखादा? माझ्या भुकेवरून तर अख्खी पलटण आलीय."

"थट्टा नको गं. त्याला वाढ, म्हणजे जाईल."

मग रोज दुपारी ती मागच्या उंबऱ्याबाहेर भात आणि डुकराच्या मटणाची वाटी ठेवी, उदबत्ती लावी आणि दार लोटून घेई. उदबत्ती विझल्यावर पाहावं, तर वाटी लख्ख. मांजर म्हणावं, तर जमिनीवर एक शीतही सांडलेलं नसे. तिने त्यातला घासभरही चाखला नव्हता. तरी स्कर्टचं बटण लागेनासं झालं.

"ताई, राहू दे गं," झोंगयी म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. "डायलिसिसच्या मशीनवर झोप छान लागते."

"गप रे. तुझं घोरणं ऐकून नर्सा नोकरी सोडतील."

डॉक्टरांना तिने वाटी सोडून सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "यात तुमचा दोष नाही. शरीराला पथ्य कळत नाही, त्याला फक्त दुष्काळ कळतो. वजन उतरलं, की ते आतली चूल मंद करतं आणि भूक वाढवतं. तुमचे पूर्वज असेच तगले."

"मग हे कधी जाणार?"

"वर्षानुवर्षं जात नाही. औषध देतो, थोडी मदत होईल. पुढच्या महिन्यात शेवटचं वजन घेऊ."

घरी येताना बसमध्ये तिला डॉक्टरांचा शब्द आठवला: पूर्वज. उंबऱ्याबाहेर वाढतात ते परक्यांना. घरच्यांना आत, पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसमोर वाढायचं असतं. इतके दिवस आपण कुणाला दाराबाहेर बसवलं?

तिने पाट्यांसमोरचे कौल लावायचे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे उचलले. "घरचंच आहे का कुणी?" तुकडे टाकले. एक उताणा, एक पालथा. म्हणजे हो. पुन्हा टाकले, पुन्हा हो.

"जाशील?" दोन्ही पालथे. नाही.

"शस्त्रक्रियेपर्यंत तरी गप्प राहशील?"

दोन्ही उताणे पडले आणि डोलत राहिले. थांबेचनात.

"हसतंय," आई कुजबुजली.

छाययुनने तुकडे उचलून पाट्यांसमोर ठेवले. मग ती म्हणाली, "बरं, जाऊ नकोस. माझ्यासमोर बस. पण वाढणार मी."

तिने टेबलावर दोन वाट्या ठेवल्या, आपली लहान. समोरची खुर्ची ओढली. थोड्या वेळाने खुर्ची करकरली. छाययुन सावकाश जेवली आणि वाटी संपताच उठली. मागून आवंढा ऐकू आला, तरी तिने पुन्हा वाढून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. त्यानंतर रोज तसंच. एकही जेवण सोपं गेलं नाही.

शेवटच्या तपासणीला नर्सने तिला काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला.

"उतरलं नाही, पण वाढलंही नाही. मर्यादेत आहे. डॉक्टर आजच तारीख देतील." तिने छाययुनच्या खांद्यामागे नजर टाकली. "सोबतच्या आजींना बाहेर बाकावर बसवा ना. केव्हाच्या उभ्या आहेत. किती वाळल्यात हो, नुसती हाडं!"

छाययुनने वळून पाहिलं नाही.

"त्या अशा बसत नाहीत," ती म्हणाली. "मी जेवायला बसले, की बसतात."