शेवटचं उघडं दुकान

४ फेब्रुवारी २०१५. रात्रभर बर्फ पडला. सकाळी ऊन, पण जवळच्या मोठ्या तळ्यावरचा वारा अंग सोलून काढणारा.

मी ब्रुकहिल मॉल बोलतोय, क्लीव्हलंड शहराच्या वेशीवरचा. माझ्या काचा फुटल्यात, कारंजं कोरडं पडलंय, छत गळतंय. तरी आज मी खुशीत आहे. का, ते ऐका.

चौऱ्याहत्तर साली मक्याच्या शेतात माझा पाया खणला गेला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि माझ्या पोटात हिरवीगार ताडाची झाडं! माणसं दारातच कोट काढून हातावर टाकायची. दुकानं उघडायच्या आधी म्हातारी मंडळी पांढरे बूट घालून माझ्यात फेऱ्या मारायची.

कारंज्यासमोर फ्रँक आणि मिल्का झुपान या नवराबायकोचं ऑर्गनचं दुकान होतं. फ्रँक दारातच वाजवत बसायचा. पोल्काची नाचरी धून सुरू झाली की लोक पिशव्या खाली ठेवून नाचायचे.

सत्त्याऐंशी साली फ्रँक गेला. दफनाच्या आदल्या दिवशी माझा व्यवस्थापक डेनिस क्रोवेल मिल्काकडे आला.

"मिसेस झुपान, वाईट झालं. पण उद्या शटर बंद दिसता कामा नये. मॉल उघडा तर दुकान उघडं. जमत नसेल तर जागा सोडा."

दुसऱ्या दिवशी चर्चमधली प्रार्थना संपताच ती काळ्या कपड्यांत दुकानात आली. तिकडे फ्रँकवर माती पडली, ती तिच्या हातची नव्हती. ती रडली नाही. तेव्हापासून तिनं आणि मी क्रोवेलवर डूख धरला.

पुढे क्रोवेलनं कर्ज काढून मलाच विकत घेतलं. मग हायवेपलीकडे नवा मॉल झाला, लोक घरबसल्या सामान मागवू लागले. दुकानं पळू नयेत म्हणून त्यानं सगळ्यांना लांबलचक करारात बांधलं. शेवटचं दुकान असेपर्यंत मॉल चालू ठेवायचं त्याच करारात त्यानं स्वतःच कबूल केलं. एकेकाचं दिवाळं निघालं. उरली मिल्का.

गेल्या वर्षी एक गोदामवाली कंपनी मला घ्यायला तयार झाली. अट एकच: मॉल रिकामा हवा. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला क्रोवेल गोड हसत आला.

"मिल्का, आता घरी बसून आराम कर की! या वयात कशाला हा त्रास?"

"त्रास कसला, साहेब? वेळ छान जातो."

"गिऱ्हाईक तरी येतं का कुणी?"

"तुम्ही आलात ना! घेता का एक ऑर्गन?"

त्यानं हीटर बंद केले. ती दोन कोट चढवून बसली आणि नगरपालिकेचा माणूस घेऊन आली. हीटर पुन्हा लागले.

मग क्रोवेल कंपनीच्या माणसांना पाहणीला घेऊन आला. "या बाई कधी जाणार?" एकानं विचारलं.

"करार अजून तीन वर्षं आहे," मिल्का म्हणाली. "उभे का? बसा, पोल्का ऐकवते."

ती वाजवत राहिली. मीही छताचा एक ओला तुकडा नेमका क्रोवेलच्या टकलावर सोडला.

मला वाचवा, असं मी म्हणत नाही. फक्त पाडायला याल तेव्हा सुरुवात क्रोवेलच्या ऑफिसापासून करा, आणि त्याला बघायला बोलवा.

शेवटी कंपनीनं शेजारच्या गावात जागा घेतली, आणि क्रोवेलचं कर्ज फिटायचं राहिलं. मिल्कानं आज दुकानाची किल्ली स्वतःहून बँकेच्या माणसाला दिली. बँकेनं मला कालच जप्त केलं होतं. क्रोवेलचं घरही त्यातच गेलं.